पळीचं नाव

कपाटाच्या खालच्या फळीवर
बांबूचं एक ओगराळं आहे, दांडा सैल झालेलं.
किटलीचं झाकण टेकवायची नळी, चार बोटं उंच,
आणि एक फुलदाणी, जिला उभी चीर गेली आहे.
गिऱ्हाईक विचारतं, गळते का?
मी म्हणते, गळते.
खोटं बोलून जुनी वस्तू विकता येते,
पण मग ती परत येते.

पळी मात्र मी मागच्या खोलीत ठेवते.
दोघांनी मागितली होती,
नळकांडं बदलून द्याल का, असं विचारून.

मी शाळेत होते त्या वर्षी
गोकायामाच्या डोंगरात इनोकुमांचं घर उतरवलं.
गवताचं छप्पर, कमरेइतकं जाड.
वडिलांनी माळ्याखालचा बांबू मागून घेतला,
चुलीच्या धुरात दीडशे वर्षं मुरलेला,
कडेला मधासारखा, मग काकवीसारखा,
आणि चुलीच्या बरोबर वर
काजळासारखा.
लॉरीचं भाडं मालापेक्षा जास्त झालं.
कानाझावापर्यंत रस्ताभर काजळी उडत होती.

हिसाए-सानने एकेक पेर ठोकून पाहिलं.
निम्मा किडलेला.
उरलेल्यातल्या एका कांबीवर फिकट, तिरपे पट्टे:
जिथे दोरीने आवळलं होतं
तिथे धूर पोचलाच नव्हता.
सुंभ कुजून गेला, पीळ राहिला.
ती म्हणाली, इथे सुरी लावायची नाही.
बाकीचं तिने तासलं, महिनाभर,
पेर बरोबर मधोमध ठेवून.
टोक वाकवताना आधीच्या तीन पळ्या मोडल्या.
ही चौथी.

पळीला नाव लागतं.
चहा झाला की पाहुणा विचारतो,
आणि यजमानाला सांगावं लागतं.
वडिलांच्या वहीत चार नावं तयार होती:
सायंधूर. लांबची घंटा. डोंगरातलं धुकं. अजून एक, बर्फाचं.
कुठल्याही पळीला चालतील अशी.
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
त्यांनी घरमालकाला पत्र टाकलं.

तोकुजिरो इनोकुमा दोन बस बदलून आले.
खांबाला धरून बूट काढले.
पळी तळहातावर घेतली, उलटी केली,
नाकाशी नेली.
“खोकला,” म्हणाले.
वडिलांनी मला पाणी आणायला पाठवलं.
“पाणी नको. नाव सांगतोय. खोकला.”

माळ्यावर रेशमाचे किडे होते, म्हणाले,
त्यांना ऊब हवी, म्हणून विस्तव विझू द्यायचा नाही.
आई चुलीशी.
धूर वर जायचा खरा,
पण आधी तिच्यातून जायचा.
हिवाळ्यात शाळेतून येताना काळोख व्हायचा,
बर्फात वाट दिसायची नाही.
घर कुठे आहे ते
आम्हाला ऐकू यायचं.

वडील फार अदबीने बोलत.
चहाघरात असं नाव जरा, म्हणाले,
आणि वाक्य तिथेच सोडलं.
“तुम्ही विचारलंत,” म्हातारा म्हणाला,
आणि ब्रश मागितला.
नळकांड्यावरचं अक्षर त्याचंच आहे.
शेवटचा फटकारा
झाकणापर्यंत गेला आहे.

गेल्या नोव्हेंबरात, चूल उघडायच्या दिवशी,
मी ती पळी काढली.
पाच पाहुणे. मुख्य पाहुण्या दातांच्या डॉक्टरीणबाई.
हिरवी पूड पळीवर शोभली, काळ्यावर हिरवी,
आणि मधेच ते पट्टे.
बाईंनी ती दोन्ही हातांत धरली,
कोपरं गुडघ्यांवर टेकवून, चटईच्या जवळ.
आकार विचारला. कारागीर विचारला.
मग नाव.

मी सांगितलं.

किटली आपली वाजत राहिली.
बाईंनी पळी पुन्हा एकदा पाहिली,
या वेळी जरा जास्त वेळ.

पाचव्या जागेवर एक तरुण मुलगा होता,
तासभर घसा दाबून बसलेला,
डोळ्यांत पाणी आलेलं.
तो खोकला.
एकदा खोकला, मग थांबवेना.

माफी मागायचंही राहून गेलं त्याच्याकडून.
मी ओगराळं उचललं
आणि किटलीत थंड पाणी घातलं.